बाबांचं माप

तीर्थरूप आईस,

पायांवर डोकं ठेवते. मी बरी आहे, वेळेवर जेवते.

बाबांचा नवा स्वेटर परत मिळाला. 'ढगळ होतो, तुझी वीण सैल पडली,' असं तू लिहिलंस. चुकलं तर उसवायचं, रडत बसायचं नाही, हे तुझंच शिकवणं. म्हणून उसवायला घेतला.

आधी टाके मोजले. मागच्या वर्षीच्या स्वेटरइतकेच आहेत. लोकर तीच, सुयाही त्याच. तो मागचा घालताना तर बाबा श्वास रोखायचे आणि मला लोकरीत कंजूष म्हणायचे.

आई, माझी वीण सैल नाही.

बाबांचा खोकला थांबला का? डॉक्टर काय म्हणाले, हे तू तिन्ही पत्रांत लिहिलेलं नाहीस.

आता मापाचा आकडा कळवू नकोस. बाबांच्या छातीभोवती दोरा धर, तोड आणि तो दोराच पाकिटात घाल. कितीही आखूड असला तरी.

तुझी,
थोरली