एका पायाचा स्टँड

बाबा, काल मी बदलापूर गावात क्रिकेटच्या मॅचचे फोटो काढत होते. शेजारच्या नवख्या फोटोग्राफरने एका पायाचा स्टँड, मोनोपॉड, थेट कॅमेऱ्याच्या बुडाला लावला होता. पुढे हातभर लांब लेन्स लोंबतेय आणि सगळा भार मधल्या जोडावर. माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघालं, "आधार वजनाखाली हवा." त्याने तो काढून लेन्सच्या कड्याला लावला. पुढची दोन षटकं मी मात्र एकही फोटो काढू शकले नाही.

अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षं पंप आणि मोटारी सांभाळल्यावर हे वाक्य तुमच्या अंगातच मुरलं होतं. निवृत्त झालात आणि जुन्या बाजारातली ती धोंड्यासारखी लेन्स घेऊन आलात. शिवमंदिराच्या भिंतीवरच्या, अगदी वरच्या रांगेतल्या मूर्तींचे फोटो काढायचे होते तुम्हाला. खालच्या सगळेच बघतात, वरच्यांकडे कोण बघणार, असं म्हणायचात. मग अर्धांगवायूचा झटका आला. सौम्यच होता, पण डावा पाय ओढत चालू लागलात, हात थरथरू लागले आणि फोटोतल्या मूर्ती धुरकट झाल्या. डॉक्टरांनी काठी दिली, ती तुम्ही कपाटामागे टाकलीत. काठी म्हाताऱ्यांना लागते म्हणे. तुमचा हट्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मंदिरात कॅमेऱ्याची तिपाई लावू देत नाहीत, म्हणून मी उल्हासनगरला कॅम्प पाचच्या बाजारात जाऊन मोनोपॉड आणला. दुकानातले सिंधी काका हसून म्हणाले, "एक टांग का स्टँड है बेटी, बाकी दो अपनी लगानी पडेंगी." आई पोळ्या लाटत होती आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मला शिकवत होता. मी मोनोपॉड सरळ धरून, पाय जुळवून उभी राहिले तर केवढे चिडलात. "शाळेच्या प्रार्थनेला उभी आहेस का? पाय फाकव. काठी जरा पुढे रोव आणि अंग टाक तिच्यावर. डावा हात लेन्सवर, कपाळ कॅमेऱ्याला. आता अर्धा श्वास सोड आणि दाब." फळीवरच्या डब्यावरची अक्षरं फोटोत स्वच्छ वाचता आली. आईने पिठाच्या हातानेच तो फोटो पाहिला.

मंदिराच्या फाटकाशी रखवालदाराने अडवलं. "साहेब, स्टँड नाय चालनार आत. ही काठी हाय ना? मग जावा." तुम्ही मोनोपॉड जमिनीवर टेकवलात आणि म्हणालात, "हो, काठीच आहे." परतताना कॅमेरा माझ्या खांद्यावर होता, तरी तुम्ही पावलापावलाला त्या मोनोपॉडवर रेलत होता. मी मागून बघत होते. मला तेव्हाच कळलं, बाबा. दुसऱ्या दिवसापासून तो दाराशी, चपलांच्या शेजारी उभा राहू लागला. आई आणि मी, आम्ही दोघींनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

आणि मग तो रविवार. मला पहिल्यांदाच एका मोठ्या स्पर्धेचं काम मिळालं होतं, मी मोनोपॉड उचलला. तुम्ही चप्पल घालत होता, तुमचा हात सवयीने त्या कोपऱ्यात गेला आणि रिकामाच परतला. आज मला लागेल ती काठी, असं हळूच म्हणालात. घाईत होते हे खरं, पण मी बोलले ते घाईमुळे नाही, तुमच्या त्या हट्टाच्या रागाने बोलले.

"तुमचा छंद आहे बाबा, माझं काम आहे. चालायला हवी असेल तर कपाटामागे डॉक्टरांची काठी आहे."

तुम्ही आईकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. "बरं. ने."

तुम्ही काठीशिवाय तसेच मंदिरात गेलात. मंदिराच्या पायऱ्यांवर पडलात, खुब्याचं हाड मोडलं. पडताना कॅमेरा छातीशी धरला होता म्हणून लेन्सला ओरखडासुद्धा आला नाही. विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही दगड निसरडा होता असं सांगितलंत. आठ महिने अंथरुणावर होता, पण माझ्या त्या बोलण्याचा विषय तुम्ही कधी काढला नाहीत, आणि मीही नाही. मग तुम्ही गेलात.

त्याला बारा वर्षं झाली. वरच्या रांगेचे तुमचे फोटो माझ्याकडे आहेत, शेवटच्या चार मूर्ती राहिल्यात. तुम्ही पडल्यापासून मी त्या मंदिरात गेलेले नाही. हे पत्र घडी करून लेन्सच्या पिशवीत ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार? तुम्ही अंथरुणावरून एकदाच विचारलं होतंत, "त्या दिवशी फोटो स्थिर आले का गं?" मी हो म्हणाले. तुम्हाला बरं वाटलेलं दिसलं.

फोटो चांगले आले होते, बाबा. पण त्या दिवशी एकाने हलकी लेन्स वापरायला दिली, ऊनही लख्ख होतं, सगळे फोटो मी हातात धरूनच काढले. मोनोपॉड मी बॅगेतून बाहेरसुद्धा काढला नव्हता.