चहात भिजवलेले मनुके

शारजा, शुक्र. ८ नोव्हें. ६३
मेमसाहेबांनी आज त्यांच्या आयर्लंडचा पाव शिकवला. यीस्ट नाही, खायच्या सोड्यावर फुगतो. आत मनुके, संत्र्याची साल. चारच्या चहाला लोणी लावून खातात. हसनला सांगितलं, साहेबांचा ड्रायव्हर, आपल्या दापोलीचा. म्हणतो, "सोड्यांचा पाव? मग सुकी कोलंबी कुठून आणलीत, चाचा?" पोट धरून हसला. मीही हसलो.
मनुके आदल्या दिवशी व्हिस्कीत भिजवायचे असतात, हे त्याला नाही सांगितलं. आजचे बाईंनी भिजवले होते. पुढचे मी.

शनि. ९
उद्या पाहुणे. बाई पेलाभर व्हिस्की मापून देऊन गेल्या. वास हाताला लागला तर नमाजला कसा उभा राहू? मागच्या वाळूत ओतली. मनुके कोऱ्या चहात घातले.

रवि. १०
पाव सुरेख फुगला. एक तुकडा उरला नाही. बाई खूश. "व्हिस्की पूरा डाला?"
"जी."
एवढंच बोललो. दारू टाळली आणि जीभ बाटवली.

मंगळ. १२
परवाच्या पाहुण्यांपैकी एक आज बोलला म्हणे, पावात व्हिस्कीचा थेंब नव्हता. साहेबांनी बोलावलं. "सच बोलो. थोड़ा थोड़ा पीता है?"
म्हटलं, वाळूत ओतली, साहेब. ते मोठ्याने हसले. "व्हिस्की कोई फेंकता है?"
बाई हसल्या नाहीत. "उस दिन तुम जी बोला था."
खरं सांगितलं, पण उशिरा.

बुध. १३
हसन म्हणाला, साहेबांनी त्याला विचारलं, चाचाच्या तोंडाला कधी वास येतो का. "मी कानाला हात लावले, चाचा. पण तुम्हीही कमाल! लोक पिऊन अडकतात, तुम्ही न पिता अडकलात."
दारुडा म्हणून परतीच्या बोटीत बसवलं तर? गावच्या मशिदीत मी अजान देत होतो. घरी बायकोला काय सांगू? आयेशा विश्वास ठेवेल. पण तिला पाणवठ्यावर जावं लागतं, तिथले लोक...
रात्रीच्या नमाजला मन लागलं नाही.

शुक्र. १५
जुम्म्याहून आलो तर टेबलावर मनुक्यांचा झाकलेला वाडगा, व्हिस्कीचा वास. बाई म्हणाल्या, "मैंने भिगोया. तुम सिर्फ पकाओ. नहीं करना तो बोलो, साहब दूसरा बावर्ची देखेंगे. मगर इस बार सच बोलो."
रागाने नाही म्हणाल्या. तेच जड जातंय. ओरडल्या असत्या तर...
केला तर राहीन, आणि सगळे समजतील, व्हिस्की चालते म्हणजे आधीचा पेला यानेच प्यायला. नाही केला तर तसंच समजतील, आणि घरी जाईन.
पीठ, सोडा, मीठ चाळून ठेवलंय. ओव्हन तापलाय. ताक ओतलं की हे पीठ थांबत नाही, लगेच आत घालावं लागतं. अजून ओतलेलं नाही.
तीन वाजले. बाईंच्या चपला वाजतायत, इकडेच येतायत. वही मिटतो.