स्पिरिटचा बोळा

११ जानेवारी १९७९
बबनरावांचा पाय मोडला! ताराचंदशेटचा कापसाचा ट्रक नाचणगावच्या वळणावर उलटला आणि हमाल बबनराव बोऱ्यांखाली सापडले. चालवत होता रूपराव. त्याला साधा ओरखडा नाही. पाच वाजता पोलीस त्याला आमच्या दवाखान्यात घेऊन आले. डॉक्टरांनी तोंडाचा वास घेतला — "सिस्टर, रक्त काढा." दारूबंदीचा जिल्हा, मग काय!

मीच काढलं. पहिल्याच टोचणीत शीर सापडली. बाटलीला लाख लावली, पोलीस घेऊन गेले.

"सिस्टर, नाई घेतली मी" — एवढंच म्हणत होता.

३ फेब्रुवारी
लॅबचा कागद आला. रक्तात दारू. मर्यादेच्या वर. शेटनं रूपरावला कामावरून काढलं. केस होणार.

दुपारी त्याची बायको भागीरथा आली, कडेवर पोरगी. ही पोर माझ्याच हातावर जन्मली. पायाळू! घाम फोडला होता मला. अजून मला पाहिलं की हात पसरते, लबाड.

"सिस्टर, मशीन खोटं बोलत असन का?"

"नाई वो, मशीन काऊन खोटं बोलन?"

ती मान खाली घालून गेली. तेव्हापासून जेवणावर मन नाही.

१४ फेब्रुवारी
महादेवराव दर बुधवारी इंजेक्शन घ्यायला येतात. आज स्पिरिटच्या बोळ्यानं दंड पुसला तर नाक वर करून म्हणतात, "साऱ्या जिल्ह्यात दारूबंदी, अन् सिस्टरच्या बोळ्याले पव्वा!"

सगळे हसले. मीही हसले. आणि मग हातातल्या बोळ्याकडे पाहिलं.

दारूच्या तपासणीचं रक्त काढताना स्पिरिट लावायचं नसतं! साबण-पाण्यानं पुसायचं, नाहीतर स्पिरिटच रक्तात दारू म्हणून दिसू शकतं. फॉर्मवरच छापलंय. आणि मी लावलं होतं. बावीस वर्षांत स्पिरिटशिवाय सुई टोचली नाही, त्याचा केवढा तोरा मला! हात आपला आपणच बोळ्याकडे गेला असणार. गेलाच होता. आठवतंय.

१५ फेब्रुवारी
डॉक्टर म्हणाले, "तेवढ्यानं काय होतं? वास मी घेतला होता. विसरा."

होतं की नाही, मला काय ठाऊक? त्या कागदावर आता कुणी विश्वास ठेवायचा? मीच तर ठेवत नाही.

घरी ह्यांना सांगितलं. हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते.

"कोर्टात सांगजो."

"अन् नोकरी?"

"मी आहो ना."

आणि सोललेले सगळे दाणे माझ्याच वाटीत! ह्या माणसावर किती जीव आहे माझा, एकदाही सांगितलेलं नाही.

९ ऑगस्ट
वर्धेला कोर्टात जाऊन आले. रूपरावच्या वकिलांना, प्रभाकररावांना, मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी भर कोर्टात विचारलं — "हाताला काय लावलं?"

"स्पिरिट."

न्यायाधीशांनी मान वर केली. "नक्की आठवतं?"

"बावीस वर्षं तेच लावते, साहेब."

कागद बाद झाला, नुसता तोंडाचा वास पुरेना. रूपराव सुटला! भागीरथा गळ्यात पडून रडली, पोरीनं माझा चष्मा ओढला. डॉक्टर माझ्याशी न बोलता निघून गेले. रूपराव लांबच उभा होता. लाजला असेल.

२५ ऑगस्ट
बदली. आष्टी. वर निष्काळजीपणाचा शेरा. शेरा खरा आहे, तरी रडले.

ह्यांनी माळ्यावरची ट्रंक काढली, पुसली. "आष्टीचा बाजार मोठा चांगला भरते म्हनते."

२ सप्टेंबर
रूपराव आला. एकटाच. लायसन टेबलावर ठेवलं.

"सिस्टर, घेतलती मी. वळणाच्या पहिले. तुमी माह्यापायी आष्टीले चालल्या, अन् मले स्टिअरिंग धरवत नाई."

"बबनरावले सांगितलं?"

"पहिले तुमाले. आता त्यायच्याकडेच चाललो."

राग यायला हवा होता. मी त्याचा हात धरला, टोचला होता तोच. चहा पाजला. मग म्हटलं, जा, थांबू नको.

ट्रंक अजून अर्धीच भरलीय. स्पिरिट मी लावलं होतं, तेही खरंच.