कौसाआत्याला न सांगितलेली लस

कौसाआत्या,

काल फोनवर तू विचारलंस, "हात कसाले दुखस तुना?" मी म्हणाले, बसमध्ये दांडा धरून उभी होते. ते खोटं होतं. मी नागिणीची लस घेतली.

सत्ताविसाव्या वर्षी कशाची नागीण, झालीच तर गेरूनं बांधू, असं म्हणून तू हसली असतीस आणि मग कारण विचारलं असतंस. तू दिलेली किडनी शरीरानं परकी मानू नये म्हणून मी ज्या गोळ्या घेते, त्यांनीच माझी प्रतिकारशक्ती कमी झाली आहे. हे कळलं तर तू स्वतःला दोष देशील, म्हणून गप्प बसले.

दुसरा डोस पुढच्या महिन्यात आहे. सोबत कोण येईल, असं सिस्टरनं विचारलं, तर माझ्या तोंडून तुझंच नाव निघून गेलं. आता हे पत्र न टाकता सटाण्याला येऊन सांगावं लागेल.

तुझीच,
ऋतुजा