आत्याच्या हाताची पाहणी

गारगोटी,
ता. ५ मे २०२४

चि. सौ. वर्षाराणी हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. घरात फोन असताना आत्याला पत्राची हौस कशी आली, म्हणून हसशील. पण मी फोनवर बोलले की निम्मी गल्ली ऐकते, आणि हे अमरच्या कानावर जायला नको आहे.

माझ्या उजव्या हाताची बाही सैल पडली. छातीच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या, तेव्हापासून हाताला सूज येते, आणि ती दाबून धरायला ही माप घेऊन शिवलेली घट्ट बाही लागते. मापाला तूच तर नेलं होतंस. सहा महिन्यांत तिचा ताण जातो, मग नवी घ्यायची, ते जन्मभर. अमरच्या कारखान्याच्या पॉलिसीत मी आहे, म्हणून मागच्या बाहीचं बिल त्याने विमा कंपनीला पाठवलं होतं. उत्तर आलं की बाही हा कपडा आहे, उपचार नव्हे. घ्या! जशी काही मी ती लग्नात मिरवायला घालते.

मग अमरने दुकानातून एक तयार बाही आणली. पोराने मायेने आणली, पण ती कोपराला काचते आणि खाली पंजा फुगतो. सांगितलं तर तो आणखी जादा पाळ्या करील, आणि आधीच त्याला घरी जेवायला सवड नाही. म्हणून तो असला की घालते, गेला की काढते. धार काढताना बोटं मिटत नाहीत. आमची म्हैस मोठी मानाची, दुसऱ्याचा हात लागला की पान्हा चोरते. मला माझा हात कामापुरता राहावा, एवढंच हवं आहे गं.

तू शाळेत पोरांकडून अर्ज लिहून घेतेस, आता आत्यासाठी एक लिही. जावईबापूंना नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी आत्या,
अंबूबाई


कोल्हापूर,
ता. २ जून २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

एक काय, चार अर्ज झाले. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली, की बाही नसेल तर हात कडक होतो, जंतुसंसर्ग होऊन ताप येतो. कंपनीला फोन केला की दर वेळी नवा माणूस, आणि मला तुझी कुंडली पहिल्यापासून सांगावी लागते. शेवटी शाळा सुटल्यावर त्यांच्या ऑफिसात जाऊन बसले. साहेब फार सज्जन. माझं सगळं त्यांना पटलं, आणि त्यांच्या हातात काहीच नव्हतं.

पण एक झालं. तेरा तारखेला, गुरुवारी, कंपनीचा डॉक्टर तुझा हात बघायला घरी येणार आहे. तो काय लिहील त्यावर सगळं आहे. कागदांची पिशवी जवळ ठेव, बाकी मी बघते.

तोवर मी बाही घेऊन पाठवू का? लेकीबाळींचं तू घेत नाहीस हे माहीत आहे, तरी विचारते. रागावू नकोस. माया असू दे.

तुझी,
वर्षा


गारगोटी,
ता. १४ जून २०२४

चि. सौ. वर्षाराणी हिस आशीर्वाद.

वि. वि. काम फत्ते झालं असं समज. डॉक्टर काल येऊन गेले. पुण्याहून एवढ्या लांब आपल्या दारात पाहुणा येणार, त्याला सुजका हात काय दाखवायचा? म्हणून दोन दिवस मी काडी उचलली नाही. हात उशीवर उंच ठेवून पडून राहिले, सूज दाबायचे जुने पट्टे होते ते रात्रभर गुंडाळले, धार सूनबाईने काढली. गुरुवारी सकाळी बघते तर हात कसा डाव्याच्या जोडीला आलेला. जोतिबाच्या यात्रेला नेसले होते ती साडी नेसले.

डॉक्टर गुरुवार पाळणारे निघाले, म्हणून मटण राहिलं. भरली वांगी, भाकरी आणि शेजारून चीक आणून खरवस केला. मीच वाढलं. जेवता जेवता त्यांनी कसं आहे म्हणून विचारलं. मी बरं आहे म्हटलं. पाहुण्याच्या ताटापुढे रडगाणं कोण गातं? काम होतं का म्हणाले, तर सगळं करते असं ठासून सांगितलं. माणूस खूश होऊन गेला. खरवस दोनदा मागून घेतला.

आता नवी बाही आली की अमरलाही सांगून टाकीन. तुझ्या खटपटीला यश आलं, पोरी. अशीच आठवण ठेव.

तुझी आत्या,
अंबूबाई


कोल्हापूर,
ता. ८ जुलै २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

अर्ज फेटाळला. सूज किरकोळ, रुग्ण स्वतः बरी असल्याचे सांगते, घरकाम व्यवस्थित करते, सबब बाहीची गरज नाही, असं लिहून आलं आहे.

आत्या, मी तुझ्यावर फार चिडले. कागद आपटला, ह्यांच्याशी विनाकारण भांडले. मग रडले. दारात आलेल्याला आपलं दुखणं ऐकवू नये हे लहानपणी तूच मला शिकवलंस. तू तसंच वागणार हे मला कळायला हवं होतं. आहे तसा हात दाखव, एवढं एक वाक्य मी लिहिलं नाही.

दुसरा अर्ज आजच टाकला आहे. आणि या रविवारी मापाला इकडे ये. बाही मी घेणार, रीत गेली खड्ड्यात. येतेस ना? लोभ कमी करू नकोस, आज मला त्याची गरज आहे.

तुझी,
वर्षा


गारगोटी,
ता. २ सप्टेंबर २०२४

चि. सौ. वर्षाराणीस आशीर्वाद.

वि. वि. अक्षर माझ्या नातीचं, तेजस्वीचं हाय. पेन धरवत न्हाय म्हनून मी बोलतीया. बोलते तसंच लिही, सुधारू नगं, असा तिला दम दिलाय.

तुझ्या रविवारच्या आदल्या दिशीच ताप भरला. तू दवाखान्यात आलतीस, पर मी शुद्धीत कुठं हुते. हाताला जंतू झालं, सात दिस सलाईन लावलं. त्याचं समदं बिल कंपनीनं भरलं, एक अक्षर इचारलं न्हाय. अमर म्हनला, तेवढ्यात कैक वरसांच्या बाह्या आल्या असत्या. त्याला आता समदं कळलंय. त्यानं आनलेली बाही त्यानंच उकिरड्यावर टाकली.

म्हैस आता सूनबाईला धार देती. चांगलंच झालं म्हनायचं. पर मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

तुझ्या दुसऱ्या अर्जावर परत डॉक्टर आलता, ह्यो येगळा, पोरगेला हुता. ह्या डावाला मी साडी बदलली न्हाय, च्या सुदीक इचारला न्हाय. पदर बाजूला करून हात फुडं ठेवला. केस इंचरायला सून लागती, निजताना ह्यो हात कुठं ठेवू कळत न्हाय, समदं सांगितलं. त्यानं खाली मान घालून लिवून घेतलं. मानूस चांगला.

परवा कागद आला, तेजस्वीनं वाचला. सूज लई फुडं गेलीया, आता नुसत्या बाहीनं भागायचं न्हाय, आदी म्हैनाभर रोज कोल्हापूरला येऊन पट्टे बांधून घ्यायचे, म्हनून बाही नामंजूर. आन् पट्ट्यांचं इचारलं, तर ते बी पॉलिसीत बसत न्हाईत.

पयल्यांदा हात बरा हुता म्हनून न्हाय, आता वाईट झाला म्हनून न्हाय. मधी कवा तरी एक दिस ह्यो हात मंजूर हुण्याजोगा झाला असंल की गं. त्या दिशी कोन आलं न्हाय.

तू अजून अर्ज करशील. कर, मी अडवत न्हाय. माया हाय तशी ऱ्हाऊ दे.

तुझी आत्या,
अंबूबाई
(सही जमली न्हाय.)