सरळ ओळी

२ मे

नवा कॅनव्हास. पुन्हा तेच शेत. शेजारची टेकला दारातूनच ओरडली, "अगं हालिना, जगात दुसरं काही नाहीच का? एखादं मांजर काढ!"

मांजराची आठवण येत नाही मला. शेताची येते — रोज, सारखी.

१० मे

गावाबाहेर धूळ दिसली. पेरण्या सुरू झाल्या.

१५ मे

शेताच्या मधोमध आमचं पहिलं घर होतं. ते पाडलं, दारातलं जांभळ्या फुलांचं लायलॅकचं झुडूप तेवढं राहिलं. माझा नवरा मेट्रो दर पेरणीला त्याला शिव्या घालायचा आणि ट्रॅक्टर वळवून पुढे जायचा. ओळी तिथे वाकायच्या. "उपटून टाक ना एकदाचं," मी म्हणायचे. तो म्हणायचा, "तू लावलंस, तूच उपट!"

मेट्रो गेला, शेत डेल फ्रीझनला विकलं. त्याचं पेरणीयंत्र केवढं अवाढव्य! ते कशाला वळतंय? म्हणून या वेळी चित्रात ओळी सरळ काढल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत. झुडूप नाही, कोणी नाही.

टेकला म्हणते, गाडीतून दाखवून आणते. नको. ती मोकळी जागा मला बघवणार नाही.

७ जून

चर्चच्या हॉलमध्ये माझी चित्रं लावली. बटाटा भरून उकडलेल्या पिरोह्यांच्या ताटल्या हातात घेऊन लोक चित्रं सोडून पिकंच पारखत होते!

"हे सातू दिसतंय."

"डोळे तपासून घे, गहू आहे!"

"तण फार माजलंय हो हालिना, फवारणी राहिली वाटतं?"

हसले खूप. मग डेल आला. नव्या चित्रापुढे बराच वेळ उभा. "मिसेस प्रोकोपिव, हे चुकलंय."

"शेत तुझं, चित्र माझं!" मी फाडकन बोलले. त्याचे कान लाल झाले. "तसं नाही हो... एकदा येऊन तर बघा."

८ जून

त्या शेतात माझा जन्म गेला, आणि हा कालचा पोरगा मला शिकवतो! दिवसभर धुसफुसले. शेवटी टेकलाला म्हटलं, उद्या गाडी काढ. त्याला तिथेच सुनावते.

९ जून

गहू बोटभर वर आलाय. ओळी सरळ येतात आणि मधोमध वळतात — मेट्रोच्या वळणाहून कितीतरी मोठं वळण! आत लायलॅक फुललंय. मी तिथेच रडत बसले.

डेल बिचारा गोंधळला. "कुणाच्या दारातलं लायलॅक कोणी उपटतं का? पण दरवर्षी शिव्या मात्र घालतो हं मी त्याला."