पहिलवानाला कुजबुजता येत नाही

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या नव्या कवळीला आधी नमस्कार, मग तुला. कवळी बसली का? हिरड्या दुखत असतील तर खुशाल काढून ठेव, पण शेजारणींशी बोलताना लाव, नाहीतर टोमण्यांची धार जाते. काकांचा खोकला कसा आहे? मी बरा आहे. एकाच गावात, एकाच कामावर अजून टिकून आहे. हे वाचून तू चष्मा पुसशील. पूस आणि पुन्हा वाच. सगळी तुझी कृपा. छापखान्याच्या बाईंना तू फोनवर म्हणालीस, "पोरगा भटक्या आहे, पण लबाड नाही," तेवढ्यावर त्यांनी मला ठेवून घेतलं. (त्यातल्या पहिल्या अर्ध्या वाक्यावरून त्या अजून बोलतात.)

आमचा छापखाना पोस्टरांचा. एका खोलीत यंत्र, दुसऱ्या खोलीत अक्षरांचे खण, आणि दोन्ही खोल्यांत शाईचा वास, जो माझ्या उशीलाही लागला आहे. (उशी तू दिलेलीच. तिचेही आभार मानायचे राहिले होते.) या खणांत एक लाकडी अक्षरांचा संच आहे, त्याला आम्ही पहिलवान म्हणतो. काय देखणा आहे म्हणून सांगू! वरची रेघ म्हणजे घराची तुळई. प्रत्येक दांडीखाली विटेसारखा चौकोनी पाय. साधा काना घे, तोसुद्धा बूट घालून उभा. लांबून बघितलं तरी वाटतं, हे अक्षर कुणी ढकललं तर ढकलणाराच पडेल. लिलाव, जादूचे प्रयोग, रस्ता बंद, कुत्रं हरवलं, अशा कामांना पहिलवान. साखरपुडा, श्रद्धांजली, अशांना मुळीच नाही. बाई म्हणतात, "याला कुजबुजता येत नाही. आणि तुलाही."

तर आमच्याकडे शिंपीकाका आले. हातात जादू, पण आवाज असा की गिऱ्हाईक तीनदा "काय?" म्हणतं आणि निघून जातं. रस्त्यावरचं दुकान सुटल्यापासून ते मागच्या गल्लीत जिन्याखाली बसतात आणि तिथे त्यांना कुणी शोधत नाही. हा महिना असाच गेला तर कुलूप लावून मुलाकडे राहायला जाणार, म्हणाले. तिथे कसलीच ददात नाही. सून दिवसभर "बाबा, तुम्ही बसा" म्हणते. हे सांगताना त्यांचा आवाज एवढा खाली गेला की आम्ही दोघं काउंटरवर ओणवे झालो.

त्यांना हवं होतं, 'मागच्या गल्लीत जिन्याखाली उत्तम कपडे माफक दरात शिवून मिळतील.' बारीक अक्षरात, कुणाला त्रास नको म्हणून. बाई मला काम सोपवून बाहेर गेल्या, आणि मी पहिलवान काढला. (मला वाटलं, ज्याला आवाज नाही त्याला आवाज द्यावा. शाळा अर्धी सोडली की माणसाला असं काहीबाही वाटतं.) पण पहिलवान अंगाने रुंद. पहिला शब्दच चौकटीबाहेर गेला. मग मी 'मागच्या' काढलं, 'जिन्याखाली' काढलं, 'उत्तम' काढताना वाईट वाटलं, आणि शेवटी 'कपडे'ही काढले. उरलं 'शिवून मिळेल' आणि खाली गल्लीकडे दाखवणारा एक जाडजूड बाण. यंत्राला एकदा शाई लावली की आम्ही गठ्ठाच छापतो. बाई परतल्या तोवर मी पोस्टरं चिकटवूनही आलो होतो.

दुसऱ्या दिवशी जिन्याखाली रांग. कुणी फाटका सोफा आणला, कुणी तंबू, कुणी ढोलक. एका बाईंनी नवऱ्याचा चपलांचा जोड आणला आणि नवराही सोबत. मी माफी मागायला गेलो, तर शिंपीकाका दोऱ्यांच्या ढिगात बसून ओरडत होते, "एकेक जण या, ढकलू नका!" मी त्यांचा आवाज प्रथमच ऐकला. चांगला भरदार आहे. मला बघून म्हणाले, "गाढवा, ढोलक कोण शिवतं?" आणि ढोलक पुढ्यात ओढलं. त्याच भरात त्यांनी मैदानवाल्यांची भलीमोठी ताडपत्री रविवारच्या सामन्याआधी शिवून देतो म्हणून छातीठोक कबूल केलं. आता घडी घातली की सुई तुटते. मशीन सदऱ्यांचं, ते काय करणार. कालपासून आवाज पुन्हा खाली आलाय आणि ते मुलाकडच्या गाडीची वेळ विचारत होते.

असो. तुला लिहायचं कारण एकच, आभार. तू मला कधी "थांब" म्हणाली नाहीस, म्हणूनच बहुधा मी इथे थांबलो. काकांना नमस्कार.

तुझा भाचा,
भिंगरी

ता. क. ट्रकची आच्छादनं शिवायचीस ते तुझं जाड कापडाचं मशीन अजून चालतं ना? ते पाठवशील का? तुझ्याशिवाय ते कुणाचं ऐकत नाही, तेव्हा सोबत तूही ये.

आणखी ता. क. घाई नाही. शुक्रवारी आलीस तरी चालेल.

शेवटचं ता. क. यायचं की नाही, हे सर्वस्वी तुझ्या मनावर. फक्त स्टेशनासमोरच्या भिंतीवर काल पहिलवानात एक पोस्टर लागलंय. तुझं पूर्ण नाव बसेना, म्हणून 'मावशी येणार' एवढंच ठेवलं. अर्धं गाव विचारतंय, कोण मावशी. उरलेल्या अर्ध्याने फाटकं सामान बाहेर काढून ठेवलंय.